मागच्या रांगेतील सोनटक्का

आमच्या ख्रिस्तमंदिराच्या आवारात, कुंपणाच्या भिंतीलगत, चाळीसएक फूट लांबीचा एक वाफा आहे. भिंतीपलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे रेल्वेमार्ग. डोंबिवली सोडून कल्याणकडे निघालेल्या गाडीचा आवाज ऐन प्रवचनात शिरतो, आणि भाविकांना क्षणभर विसावा मिळतो. या वाफ्यात पूर्वी जे रोप हाती येईल ते सापडेल त्या जागी लावलेले असे. कर्दळ पुढे, शेवंती तिच्या आड, आणि सोनटक्क्याने मधली सारी जागा बळकावलेली. दोन वर्षांपूर्वी आम्ही हा वाफा शास्त्रशुद्ध करण्याचे मनावर घेतले.

शास्त्र तसे सोपे आहे. ठेंगणी झाडे पुढे, मध्यम उंचीची मध्ये आणि पुरुषभर वाढणारी भिंतीला टेकून मागे. एका वर्षात संपणारी झाडे मागे लावू नयेत. तेथे कंदातून वर्षानुवर्षे पुन्हा उगवणारी लावावीत, म्हणजे पार्श्वभूमी टिकते. इंग्लंडमध्ये गर्ट्रूड जेकिल (१८४३–१९३२) या बाईंनी या रचनेला कलेचा दर्जा दिला. त्या मूळच्या चित्रकार. दृष्टी अधू होत गेल्यामुळे कुंचला ठेवून बागेकडे वळल्या. सरे परगण्यातील त्यांच्या घरचा मुख्य वाफा २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद होता. आमच्या ठाणे जिल्ह्यात या कामाला झाडे बाहेरून मागवण्याची गरज नाही. कर्दळ आहे, सोनटक्का आहे, आणि पावसाळ्यात येऊरच्या रानात लाल कणसांतून पांढरी फुले काढणारा पेवही आहे. पेवाची पाने खोडाभोवती जिन्यासारखी वळत वर चढतात, त्यामुळे वरचे पान खालच्याचा उजेड सहसा अडवीत नाही. इतकी समज आम्हा माणसांच्या वसाहतींत आढळत नाही, हे जाता जाता नमूद करतो.

आवाराची झाडलोट आणि बागेची देखभाल एक मावशी करतात. १९७२च्या दुष्काळात त्या जालन्याकडून कडेवर मूल घेऊन आल्या आणि येथेच राहिल्या. आम्ही त्यांना कागदावर काढलेली आकृती दाखवली आणि कर्दळ व सोनटक्का मागे हलवायला सांगितले. त्यांनी आकृती नीट पाहिली आणि म्हणाल्या, "फादर, मागं लावा की. पर मागं पानी कोन घालनार? नळी मधल्या वाफ्यापत्तुर बी पोचत न्हाई."

आम्ही ते हसण्यावारी नेले. सोनटक्का मागे गेला. जूनमध्ये पाऊस आला तेव्हा तो उठला, ऑक्टोबरात पाऊस गेला तसा पिवळा पडू लागला, आणि डिसेंबरात त्या कोपऱ्यात काटक्या उरल्या. सोनटक्का पाणथळ जागेचे झाड आहे. ओल तुटली की तो रागावतो. पुढची रांग मात्र टवटवीत होती, आणि आल्यागेल्याने तिची तारीफ केली.

त्याच हिवाळ्यात धर्मग्रामाचा सण आला. सणाच्या मिस्साला पुढच्या चार रांगा देणगीदार, पाहुणे आणि समितीचे सभासद यांच्यासाठी राखून ठेवलेल्या होत्या. चाळींतून येणारी आमची मराठी भाषक कुटुंबे, त्यांत नगर आणि मराठवाड्याकडून आलेली पुष्कळ, नेहमीप्रमाणे मागे बसली, काही दाराबाहेर उभी राहिली. प्रवचनासाठी आम्ही संत लूकच्या शुभवर्तमानातील चौदावा अध्याय निवडला होता: मेजवानीला गेल्यावर मानाची जागा न धरता शेवटची धरावी, ही प्रभूची शिकवण. नम्रतेवर आम्ही बरे बोललो असे आम्हास वाटले. मिस्सा आटोपल्यावर एक तरुण सहज म्हणाला, "फादर, आम्ही तर शेवटीच बसलो होतो. आज कुणाला सांगत होता?"

त्याच्या स्वरात उपरोध नव्हता, म्हणूनच ते वाक्य आम्हास अधिक लागले. रात्री तो अध्याय पुन्हा काढून वाचला. प्रभू हा दाखला कोणाला सांगतो? मानाच्या जागा निवडणाऱ्या निमंत्रितांना. आधीच दाराशी उभे असलेल्यांना नव्हे. आणि तो तेथे थांबतही नाही. लगेच यजमानाकडे वळतो आणि बजावतो की, जेवण घालशील तेव्हा परतफेड करू शकणाऱ्या धनवान शेजाऱ्यांना बोलावू नकोस. दरिद्री, लंगडे, आंधळे यांना बोलाव. पाहुण्याला एक धडा आणि यजमानाला दुसरा. आम्ही त्या दिवशी पाहुण्यांचा धडा मोठ्याने वाचला आणि यजमानाचा गाळला. त्या मंदिरात यजमान कोण होते, हे निराळे सांगायला नको.

सेमिनरीत आम्हास संत थॉमस अक्वायनस शिकवीत. त्यांनी नम्रतेला संयमाच्या कुळात बसवले आहे. उंच जाण्याची जी ओढ मनात उसळते तिला माणसाने स्वतः लगाम घालावा, असा त्याचा आशय. लगाम दुसऱ्याच्या हाती असेल तर तिला नम्रता म्हणता येत नाही. संत ऑगस्टिन 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या १९व्या भागात सुव्यवस्थेचा विचार मांडतात, तोही या संदर्भात आठवला: समान आणि असमान अशा सर्व गोष्टींना आपापली जागा देणे म्हणजे सुव्यवस्था. या विचारावर आमचा विश्वास होता व आहे. सर्वांनाच पुढे बसता येणार नाही, आणि उंच कर्दळ पुढे लावली तर शेवंतीला ऊन मिळणार नाही, हेही खरे. परंतु वाफ्यात मागची जागा उंचांना मिळते, लहानांना दिसू द्यावे म्हणून. आमच्या मंदिरात रचना नेमकी उलटी आहे. पुढे उंच बसतात आणि मागचे लहान टाचा उंचावून वेदीकडे पाहतात. ज्या नियमाचा आधार आम्ही वाफ्यासाठी घेतला, त्याच नियमाने पाहुणे दाराशी उभे राहायला हवे होते.

कर्दळीविषयी एक गोष्ट आम्हास फार उशिरा कळली. तिच्या फुलात आपण ज्यांना पाकळ्या समजतो, ते वस्तुतः रंगीत झालेले वांझ पुंकेसर असतात. खऱ्या पाकळ्या त्याखाली अरुंद, फिकट, कोणाचे लक्ष न जाणाऱ्या. परागकण देणारा भाग तर केवळ अर्धा पुंकेसर! बी मात्र असे कठीण आणि काळे धरते की त्याच्या जपमाळाही ओवतात. फुलाच्या कोणत्या भागावर त्या झाडाचा वंश चालतो, हे लांबून पाहणाऱ्याला सांगता येणार नाही. आमच्या सणाच्या छायाचित्रातही ज्यांनी आठवडाभर मांडव बांधला आणि भांडी घासली, ते दिसत नाहीत.

जेकिलबाईंचीही एक युक्ती आहे. पुढची फुले ओसरून तेथे मोकळी जागा पडली की त्या मागच्या रांगेतील सूर्यफुलाच्या कुळातले एक उंच झाड हलकेच पुढे वाकवून त्या जागेवर आणीत. आडव्या झालेल्या त्या खोडाच्या पानापानाच्या बेचक्यातून मग फुले येत. उभे असते तर केवळ शेंड्याला आली असती. म्हणजे ज्यांच्यापासून आम्ही हा नियम शिकलो त्यांनी तो इतका कडक पाळला नव्हता. पुस्तकाचे ते पान आम्ही घाईत उलटले असावे.

गेल्या मे महिन्यात भिंतीलगत एक नवा नळ बसवून घेतला. मावशींनी तोटी दोनदा फिरवून पाहिली, खालच्या मातीत बोट खुपसले आणि एवढेच विचारले, "हे धा वर्सांपूर्वी का न्हाई केलं, फादर?" त्यावर आम्हापाशी उत्तर नव्हते. सोनटक्का ऑगस्टमध्ये फुलला. नावात सोने असून फूल पांढरेशुभ्र, हा या झाडाचा विनोद. दिवेलागणीला त्याचा सुवास मंदिराच्या शेवटच्या बाकांपर्यंत येतो, पुढच्या रांगांना तो क्वचितच पोचतो.

आमच्या धर्मग्रामात मराठी मिस्सा रविवारी दुपारी साडेतीनला असते. सकाळच्या सोयीच्या वेळा इतर भाषांकडे आहेत आणि त्या बदलू नयेत असे म्हणणारे सभासद पुष्कळ आहेत. त्यांचे काही मुद्दे खरेही आहेत. पुढील महिन्यातील सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय आम्ही स्वतः घातला आहे. सभेला त्या तरुणाला आणि मावशींना बोलावले आहे. मावशी म्हणतात, त्या दिवशी पाणी घालून झाले तर येईन.