यष्टिरक्षक आणि गुरू

क्रिकेटमध्ये यष्टीमागे उभ्या राहणाऱ्या मनुष्याचे काम मोठे चमत्कारिक आहे. शंभर चेंडू त्याने निमूटपणे अडविले तरी कोणी मान वळवून पाहत नाही. एक निसटला की सारे मैदान त्याच्याकडे पाहू लागते. मुंबईचे चंद्रकांत पंडित हे अशा राखणदारांपैकी एक. पुढे ते प्रशिक्षक झाले. त्यांच्या शिस्तीचा कडकपणा सर्वश्रुत आहे, आणि त्यावरून एक जुनाच प्रश्न आमच्या मनात उभा राहतो: असा गुरू शिष्याला घडवितो, की आपली अपुरी राहिलेली हौस त्याच्या खांद्यावर लादतो?

शंका अगदीच वावगी नाही. १९९९ साली बंगळुरूस पंडित मध्य प्रदेशाचे कर्णधार होते. पहिल्या डावात आघाडी मिळूनही रणजी करंडक हातचा गेला. २०२२ साली त्याच मैदानावर मध्य प्रदेशाने तो जिंकला तेव्हा प्रशिक्षक पंडितच होते, आणि त्यांना अश्रू आवरले नाहीत. जुनी बाकी वसूल झाली असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही.

परंतु आम्हां नागपूरकरांचे काय? विदर्भाकडे त्यांचे कसलेच येणे नव्हते. पूर्वी अंतिम सामन्यापर्यंतही न पोचलेल्या या संघाने त्यांच्या हाताखाली २०१८ च्या प्रारंभी इंदूरास दिल्लीला हरविले, आणि २०१९ साली येथेच, जामठ्याच्या मैदानावर, सौराष्ट्राला. शिस्त येथेही तितकीच कडक होती. तिच्या मुळाशी केवळ जुनी हळहळ असती, तर ती परक्या प्रांतासाठी इतकी राबली असती काय?

इंदूरची गोष्ट निघाली म्हणजे आमच्याकडे प्रथम रजनीश गुरबानीचे लागोपाठचे तीन बळी सांगितले जातात. प्रशिक्षकाचे नाव मागाहून येते, तेही कोणी विचारले तर.