शब्द थांबतात तेव्हा



गेल्या महिन्यात मिस्सानंतर एक बाई माझ्यासाठी चर्चच्या पायरीवर थांबल्या होत्या. (कुमसारात ऐकलेले मी कधीच लिहिणार नाही. हे पायरीवरचे बोलणे आहे, आणि तेही त्यांना विचारून लिहीत आहे.) त्यांचे पती दोन वर्षांपासून अर्धांगवायूने अंथरुणावर आहेत. "फादर, रोजरी हातात घेते, पण दोन मणी झाले की शब्द थांबतात. देवाचा रागच येतो. बायका म्हणतात, तुझा विश्वास कमी पडतो म्हणून नवऱ्याला गुण येत नाही. खरं आहे का हे?"

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना दुःखाच्या प्रश्नावर मी लांबलचक निबंध लिहिला होता. गुणही बरे मिळाले होते. त्यातले एकही वाक्य त्या पायरीवर कामाला आले नाही.

मी त्यांना ८८ वे स्तोत्र उघडून दिले. १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, पण त्यांतील बहुतेकांच्या शेवटी आशेचा सूर लागतो. या स्तोत्रात तो लागतच नाही. आप्तांनी टाकलेला, मरणाला टेकलेला माणूस देवाला जाब विचारतो आणि शेवटी अंधारच उरतो. तरीही हे स्तोत्र पवित्र शास्त्रातून कोणी गाळले नाही. उलट आम्हां धर्मगुरूंच्या दैनिक प्रार्थनेत ते दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी म्हणावयाचे आहे. शुक्रवार हा प्रभूच्या मरणाचा वार. क्रुसावरचा प्रभूचा टाहोदेखील २२व्या स्तोत्राचा आरंभ होता (मार्क १५:३४). त्याला आपण अविश्वास म्हणणार का?

जो देवाशी भांडतो, त्याचे तोंड देवाकडेच असते.

व्हिएतनामचे आर्चबिशप न्गुयेन व्हॅन थुआन यांना १५ ऑगस्ट १९७५ रोजी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, अटक झाली. तेरा वर्षे ते कैदेत होते आणि त्यांतील नऊ वर्षे अगदी एकटे. पोटाचे औषध म्हणून बाहेरून आलेल्या द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. पुढे २००१ साली ते कार्डिनल झाले. हे सारे आपण कौतुकाने सांगतो, पण आजारपणाने आणि थकव्याने एक प्रार्थनाही म्हणता येत नसे असे दिवस तुरुंगात आले, हेही त्यांनीच सांगितले आहे. ते मात्र आपण सांगत नाही.

आता "विश्वास कमी पडतो" म्हणणाऱ्या भगिनींविषयी. त्यांचा हेतू वाईट नसेल, परंतु कफर्णहूमच्या त्या पक्षघाती माणसाची गोष्ट त्यांनी पुन्हा वाचावी (मार्क २:१-१२). चौघांनी त्याला उचलून आणले, छप्पर उसकटले आणि खाट खाली सोडली. येशूने पाहिला तो 'त्यांचा' विश्वास. खाटेवरच्या माणसाने प्रार्थना केल्याचा तिथे उल्लेखही नाही. मग आजाऱ्याच्या दारात जाऊन आपण विश्वासाचे माप काढावे, की खाटेचा एक कोपरा धरावा?

गेल्या गुरुवारी आम्ही पाच-सहा जण त्या बाईंच्या घरी माळ म्हणायला गेलो. त्यांनी म्हणायलाच हवी असा आग्रह कोणी धरला नाही. त्या पतीच्या उशाशी नुसत्या बसून होत्या. चौथ्या रहस्याला त्या उठल्या, आमच्यासाठी चहा ठेवला आणि परत येऊन बसल्या.

ज्यांच्या घरी असे आजारपण असेल त्यांनी मला किंवा सिस्टरांना कळवावे. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता आम्ही येऊ. चहा नसला तरी चालेल.

आपला,
फादर