बाप्तिस्मा एकदाच, पापनिवेदन पुन्हा पुन्हा

कॅथलिक शिकवणुकीनुसार बाप्तिस्मा आत्म्यावर कधीही न पुसली जाणारी मुद्रा उमटवतो. म्हणून वसईत, गोव्यात किंवा जगात कुठेही तान्हेपणी बाप्तिस्मा झालेला माणूस पुढे चर्चला पाठ फिरवून बसला, स्वतःला नास्तिक म्हणवू लागला आणि चाळिशीत परत आला, तरी त्याचा बाप्तिस्मा दुसऱ्यांदा होत नाही. तो या घरातलाच असतो. तुटलेले असते ते कृपेचे जीवन, आणि ते सांधण्यासाठी पापनिवेदनाचा संस्कार आहे. देव आहे असे आता पटते, एवढ्याने परतणे पूर्ण होत नाही. आपण काय केले हे दुसऱ्या माणसासमोर तोंडाने सांगावे लागते. परतणाऱ्या बहुतेकांचे पाऊल अडखळते ते इथेच.

हे दार सुरुवातीपासून एवढे उघडे नव्हते. इ. स. 250 च्या सुमारास सम्राट डेसियसने रोमन देवांना बळी अर्पण करण्याचा हुकूम काढला. अनेक ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी बळी दिला, तर काहींनी पैसे चारून बळी दिल्याचे दाखले मिळवले. छळ ओसरल्यावर हीच माणसे चर्चच्या दाराशी येऊन उभी राहिली. श्रद्धा नाकारलेल्यांना चर्चने परत घेऊच नये, असा पवित्रा रोममधील नोव्हेशियन या धर्मगुरूने घेतला. कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि पोप कॉर्नेलियस यांचे म्हणणे वेगळे होते: खरे प्रायश्चित्त केलेल्याला परत घ्यावे. चर्चने त्यांचा मार्ग स्वीकारला, पण तेव्हाचे प्रायश्चित्त चारचौघांत होई, ते दीर्घ आणि कठोर असे, आणि आयुष्यात एकदाच मिळे. पुढे आयरिश मठवासींनी खाजगी आणि हवे तितक्या वेळा करता येणारे पापनिवेदन युरोपभर नेले. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा ते करण्याचा नियम घातला. परतणाऱ्याला आज जी वाट मोकळी आहे, ती अशी शतकानुशतके रुंदावत आली आहे.

या वाटेने माणूस प्रत्यक्षात कसा येतो, हे 1886 सालच्या पॅरिसमधील दोन घटनांत स्पष्ट दिसते. त्यांच्यात दोन महिन्यांचे अंतर आहे.

शार्ल द फुको 1858 मध्ये स्ट्रासबर्गला जन्मला. सहाव्या वर्षाच्या आत आईवडील गेले, शाळकरी वयात श्रद्धा गेली, आणि पुढे लष्करी अधिकारी असताना वारशाने आलेली बरीचशी संपत्तीही चैनीत उडाली. 1883-84 मध्ये त्याने ज्यू धर्मीयाच्या वेशात मोरोक्को पालथा घातला. तिथल्या मुसलमानांची भक्ती पाहून तो आतून हलला, हे त्याने स्वतःच पुढे लिहिले आहे. ख्रिस्ती श्रद्धा सोडलेल्या माणसाला देवाची आठवण दुसऱ्या धर्माच्या लोकांनी करून द्यावी, ही गोष्ट त्याच्या परतण्याच्या कथेत कधीच गाळू नये. पॅरिसला आल्यावर मारी द बाँदी या आतेबहिणीचा सहवास लाभला. तिने त्याला उपदेश केला नाही. इतकी बुद्धिमान बाई जे मानते ते निव्वळ खुळचट असणार नाही, एवढे मात्र त्याच्या मनाने घेतले. तो चर्चमध्ये जाऊन तासन् तास बसू लागला. देवा, तू असशील तर मला कळू दे, एवढीच त्याची प्रार्थना होती.

ऑक्टोबर 1886 च्या अखेरीस एका सकाळी तो सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये आबे ह्युवलँ या धर्मगुरूंकडे गेला. आपल्याला श्रद्धा नाही, धर्माविषयी थोडे शिकवा, असे त्याने म्हटले. ह्युवलँनी त्याला गुडघे टेकून पापे सांगायला लावले. पापनिवेदन झाल्यावर काही खाल्ले आहे का, एवढे विचारले, कारण त्या काळी मध्यरात्रीपासून निर्जळी उपवास असल्याशिवाय ख्रिस्तप्रसाद घेता येत नसे. तो उपाशीच होता. त्याच सकाळी त्याने ख्रिस्तप्रसाद घेतला.

त्याच वर्षीच्या नाताळात, पुढे नाटककार झालेला अठरा वर्षांचा पॉल क्लोदेल पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये शिरला. पहिल्या ख्रिस्तप्रसादानंतर त्याने धर्माचरण सोडले होते. रेनाँ या विचारवंताच्या पिढीचा विज्ञानवाद त्याच्या अंगी पुरता मुरला होता. सकाळची मिस्सा त्याला फारशी भिडली नाही. दुपारी सायंप्रार्थनेला तो गायकवृंदाजवळच्या एका खांबापाशी गर्दीत उभा होता. मुले मारियेचे स्तुतिगीत गात होती, आणि एका क्षणात त्याला श्रद्धा आली. पण पापनिवेदन करून पुन्हा ख्रिस्तप्रसाद घ्यायला 1890 चा नाताळ उजाडावा लागला. मधली चार वर्षे तो पास्कल, दान्ते, अ‍ॅरिस्टॉटल वाचत स्वतःशीच झगडत होता. त्याच्या आधीच्या कल्पना जागच्या जागी होत्या आणि त्यांतली एकही त्या क्षणाने खोडून काढली नव्हती. शिवाय लोकलज्जा होती. शुक्रवारी मांस खाणार नाही, हे घरी सांगायच्या विचारानेच त्याला घाम फुटे.

एकाने आधी गुडघे टेकले आणि समज मागून आली. दुसऱ्याला श्रद्धा आधी मिळाली, गुडघे टेकायला चार वर्षे लागली. ह्युवलँनी बुद्धीचा अपमान केला, असा आक्षेप घेता येईल, पण तो टिकत नाही. फुकोचे प्रश्न त्यांनी मोडीत काढले नाहीत, फक्त क्रम बदलला. कॅथलिक विचारात श्रद्धा हे आधी एका व्यक्तीशी असलेले नाते आहे, आणि नात्यात उतरल्याशिवाय त्याचा अर्थ बाहेरून पुरता कळत नाही. अर्थात हे औषध प्रत्येकाला लागू पडेलच असे नाही. क्लोदेलची चार वर्षे वाया गेली असेही म्हणता येत नाही. ज्याला शंका प्रामाणिकपणे छळतात, त्याने त्या दडपून दिलेली संमती पुढे टिकणे कठीण असते.

आजच्या प्रौढाच्या वाटेत बहुधा विवाहाचा प्रश्न येतो. चर्चबाहेर झालेले लग्न चर्चच्या नियमांत बसवून घ्यावे लागते. आधीचे एखादे लग्न असेल तर ते मुळात वैध होते का, हे चर्चचे न्यायाधिकरण ठरवते. पूर्वी त्यासाठी एकमेकांशी जुळणारे दोन निकाल लागत, 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी एक निकाल पुरेसा केला. तोवर मिस्सेला येण्यास आडकाठी नसते, ख्रिस्तप्रसाद मात्र सहसा थांबतो. ही प्रतीक्षा अनेकांना फार जड जाते, आणि अशा वेळी धीराने सोबत करणारा धर्मगुरू लाभला तरच माणूस टिकतो.

फुको पुढे ट्रॅपिस्ट मठात गेला, 1901 मध्ये धर्मगुरू झाला आणि सहारात तुआरेग लोकांमध्ये राहिला. 1916 मध्ये तिथेच त्याची हत्या झाली. 15 मे 2022 रोजी त्याला संतपद मिळाले. त्याच समारंभात तमिळनाडूचे देवसहायम पिल्लई हेही संत घोषित झाले. क्लोदेलचे आयुष्य इतके सरळ गेले नाही. 1900 मध्ये त्याने मठात जाण्याचा प्रयत्न केला, तो फसला. त्यानंतर चीनमध्ये राजनैतिक सेवेत असताना तो एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात पडला आणि काही वर्षे त्यातच गुंतून राहिला. 1906 मधले त्याचे 'पार्ताज द मिदी' हे नाटक याच अनुभवातून आले. नोत्र-दाममधला क्षण खरा असूनही तो घसरला, आणि पुन्हा पापनिवेदनाकडेच वळला. तिसऱ्या शतकातल्या नियमाप्रमाणे ही दुसरी संधी त्याला मिळाली नसती.