शाळेची मुले शेतात का न्यावी?

शाळेतील मुलांस शेत दाखवावयास न्यावे, ही गोष्ट ऐकावयास गोड आहे. परंतु आमच्या खेड्यांतील मजूर बंधुभगिनींच्या मनात ती ऐकताच एक प्रश्न उभा राहतो, व तो रास्त आहे. ज्यांनी पोटास चिमटा घेऊन लेकरांच्या हातचा विळा काढला व पाटी दिली, त्यांच्या लेकरांस शाळेनेच पुन्हा शेतात न्यावे, हे कसे?

आमच्या वर्धा जिल्ह्यास हा वाद नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली; पुढे सेवाग्रामास आर्यनायकम पतिपत्नींनी शेती व सूतकताई यांच्या द्वारे शिक्षण देणारी शाळा चालविली. मुलांनी केलेल्या मालातून गुरुजींचा पगार निघावा, असेही गांधीजींचे म्हणणे होते. म्हणून ही बालमजुरीच होय, असा आक्षेप तेव्हाही घेण्यात आला. २००५ पासून सेवाग्रामास आनंद निकेतन ही शाळा त्याच विचाराने चालली आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने इयत्ता ६ ते ८ च्या मुलांनी दहा दिवस दप्तर ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ शिकावे असे सुचविले आहे.

तर मग मजुरी कोणती व शिक्षण कोणते? बोर धरणाच्या वाटेवरील हिंगणी गाव घ्या. दिवाळीच्या सुमारास तेथील कपाशीच्या वावरात दोन मुले उभी आहेत असे समजा. एक कापूस वेचते, कारण घरी चूल पेटावयाची आहे. दुसरे गुरुजींबरोबर आले आहे; ते झाडाची बोंडे मोजते, किडके बोंड फोडून गुलाबी अळी पाहते, आणि तीन भाग कापसात सुमारे एक भाग रुई व दोन भाग सरकी निघते हे तोलून ताडून घेते. हात दोघांचेही कापसालाच लागले. परंतु एकाचा दिवस विकला गेला, दुसऱ्याचा त्याच्या पदरी पडला. म्हणूनच चौदा वर्षांखालील मुलास मजुरीस ठेवणे कायद्याने मना आहे.

तथापि एवढ्याने भागत नाही. जे मूल शेत पाहते, पण शेतात वाकलेली बाई पाहत नाही, त्याने तमाशा पाहिला, धडा घेतला नाही. बोंडाच्या वाळल्या टोकांनी तिची बोटे सोलतात. कोणते बोंड आज वेचावे व कोणते राहू द्यावे, हे तिच्याइतके पुस्तकास ठाऊक नाही. तिलाच त्या दिवसापुरते गुरुस्थानी बसवावे. कदाचित वर्गात तिचाच मुलगा असेल, व आई मजुरी करते हे सांगावयास तो लाजत असेल. सोबत्यांनी आपल्या आईस आदराने प्रश्न विचारलेले त्याने ऐकावे, याहून मोठा धडा कोणता?

यास्तव प्रचारक व शिक्षक बंधूंस आमची विनंती आहे. नुकतीच फवारणी झालेल्या शेतात मुलांस मुळीच नेऊ नये. मालकाचे काम त्यांच्याकडून फुकट करवून घेऊ नये. आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळते हे विसरू नये. ती बाई तासभर मुलांशी बोलली तर तिची तेवढी कमाई बुडते. ती आधी तिच्या हाती ठेवावी, मग मुलांस पुढे बसवावे. ज्या शाळेने हे केले, तिची मुले शेतात गेल्याचे कोणत्याही आईबापांस दुःख होणार नाही.