‘घेऊ नका’ म्हणणारा माणूस

बेंगळुरूत १ कोटी २० लाखांचा जुना फ्लॅट घ्यायचा आहे असे धरू. ब्रोकरची दलाली एक टक्का, म्हणजे १ लाख २० हजार. त्याने मालकाशी घासाघीस करून किंमत ५ लाखांनी उतरवली, तर तुमचे ५ लाख वाचतात आणि त्याच्या दलालीतले ५ हजार कमी होतात. कागद पाहून त्याला शंका आली आणि त्याने तुम्हाला ‘हे घर घेऊ नका’ असे सांगितले, तर त्याची सगळी दलाली बुडते. इतके दिवस तुम्हाला गाडीवर बसवून घरे दाखवली, त्या पेट्रोलचेही पैसे सुटत नाहीत. ब्रोकर कितीही सज्जन असला तरी हा हिशेब बदलत नाही. घर घेताना आपल्या बाजूने एखादा एजंट नेमावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या माणसाच्या स्वभावात शोधण्याआधी या हिशेबात शोधावे, असे मला वाटते.

हे निरीक्षण नवे नाही. शिकागोचे अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे एक लाख घरविक्रीचे व्यवहार तपासले. एजंट स्वतःचे घर विकतात तेव्हा ते बाजारात साडेनऊ दिवस जास्त ठेवतात आणि गिऱ्हाइकांच्या घरांपेक्षा त्याला सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात, असे त्यांना आढळले. थांबल्याने मिळणारा जादा पैसा स्वतःचा असला की एजंट थांबतो, गिऱ्हाइकाचा असला की सौदा उरकतो. हा अभ्यास विकणाऱ्याच्या एजंटांचा होता. घेणाऱ्याच्या बाजूने हीच अडचण आणखी वाढते, कारण टक्केवारीने पैसे घेणाऱ्याचा मोबदला किंमत चढेल तसा चढतो.

अमेरिकेत घेणाऱ्याच्या एजंटाची पद्धत अनेक दशके रुळलेली आहे, पण त्याची दलाली बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या पैशातून निघत असे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी मिसुरी राज्यातल्या एका ज्युरीने या पद्धतीविरुद्ध सुमारे १८० कोटी डॉलरच्या भरपाईचा कौल दिला. पुढे तिथल्या रिअल्टर संघटनेने ४१.८ कोटी डॉलरची तडजोड केली, आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून नियम आला की घर दाखवायला नेण्यापूर्वी एजंटाने घेणाऱ्याशी लेखी करार करावा आणि त्यात आपला मोबदला स्पष्ट लिहावा. सगळ्या खटल्यामागचा प्रश्न साधा होता: हा माणूस कोणाचा, आणि त्याला पैसे कोण देतो?

बेंगळुरूत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. नव्या प्रकल्पात घर दाखवणारा ‘चॅनल पार्टनर’ बिल्डरचा असतो आणि त्याची दलाली बिल्डर देतो. ‘सर, तुम्हाला काहीच द्यायचं नाही,’ हे त्याचे पहिले वाक्य. ती दलाली फ्लॅटच्या किमतीतच बसलेली असते. जुन्या घराच्या व्यवहारात एकच ब्रोकर बहुधा दोन्ही बाजूंकडून पैसे घेतो. २०१६ च्या रेरा कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली, नोंदणी नसलेला प्रकल्प विकायला बंदी घातली, आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला हक्काची सर्व माहिती व कागद मिळवून देणे एजंटाचे काम ठरवले. हे चांगलेच झाले. पण ही नोंदणी प्रकल्पांतल्या विक्रीशी बांधलेली आहे. दहा वर्षे जुना फ्लॅट एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा मध्ये उभा असलेला माणूस बहुतांशी त्या कक्षेबाहेर राहतो. उरतो तो १८७२ चा करार कायदा. एजंटाने महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे लपवून स्वतःच्या फायद्याचा व्यवहार केला, तर ज्याच्यासाठी तो काम करतो त्याला व्यवहार नाकारण्याचा हक्क या कायद्यात आहे. मात्र तो आपला एजंट होता हे आधी सिद्ध करावे लागते, आणि व्हॉट्सअॅपवरच्या चार ‘ओके सर’वरून ते सिद्ध करणे फार कठीण.

मग या शहरात घेणाऱ्याच्या बाजूच्या माणसाचे नेमके काम काय? बेंगळुरूत घर शोधणे अवघड नाही. ब्रोकरला वगळून मालक आणि ग्राहक यांची थेट गाठ घालून देणाऱ्या कंपन्या याच शहरात वाढल्या. अवघड आहे ते सापडलेले घर नाकारायचे की नाही हे ठरवणे.

पुण्यातून, नाशिकमधून आलेला माणूस सातबारा, फेरफार आणि इंडेक्स टू बघायला थोडाफार सरावलेला असतो. इथे त्याच्या हातात कन्नडमधली पहाणी (सातबाऱ्यासारखा उतारा) येते, ई.सी. (बोजा प्रमाणपत्र) येते, मदर डीडपासूनची (मूळ खरेदीखतापासूनची) दस्तांची साखळी येते आणि खाता (महापालिकेच्या कररजिस्टरातली मालमत्तेची नोंद) येतो. खात्याचे ए आणि बी असे दोन प्रकार. मंजुरीविना वसलेल्या मालमत्तांकडून महापालिकेने कर तर घेतला, पण नोंद ठेवली वेगळ्या रजिस्टरमध्ये. तो बी खाता. बी खात्याच्या तीस बाय चाळीस फुटांच्या साइटवर (प्लॉटवर) घर उभे असते, वीज असते, करपावती असते. नसते ती मंजुरी. बी खात्याचे ए खात्यात रूपांतर करण्याची योजना २०२५ मध्ये सरकारने जाहीर केली, तेव्हापासून ‘ए होऊन जाईल’ हे आश्वासन विक्रीच्या बोलण्यात हमखास येते. होईलही. पण ते झाल्यावर मोजायची किंमत आजच का मोजायची, हे विचारणारा कोणीतरी ग्राहकाच्या बाजूला बसलेला हवा.

ई.सी. स्वच्छ आली की अनेकांचा जीव भांड्यात पडतो. पण ई.सी.त फक्त नोंदणी झालेले दस्त दिसतात. जमिनीवर कोर्टात दावा चालू असेल तर तो तिथे दिसेलच असे नाही. इथे मराठी ग्राहकाने एक फरक लक्षात ठेवावा. महाराष्ट्रात प्रलंबित दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवलेली असेल तरच तो दावा नव्या खरेदीदाराला बांधतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आपल्याकडे तशी दुरुस्ती आहे. बेंगळुरूत हे संरक्षण नाही. दाव्याची तुम्हाला गंधवार्ताही नसली तरी निकाल तुम्हाला लागू होतो. आणि हे दावे बहुतेक घरातलेच असतात. सर्जापूर, वरतूर, येलहंका या भागांतले लेआउट एकेकाळी कोणाच्या तरी नाचणीच्या शेतावर उभे राहिले. कर्नाटकाने १९९४ मध्ये, म्हणजे महाराष्ट्राने केली त्याच वर्षी, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा देणारी दुरुस्ती केली. २००५ मध्ये ती देशभर आली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्माने मिळतो हे पक्के केले. भावांनी सह्या करून जमीन विकली आणि बहिणींना विचारलेच नाही, असा दस्त साखळीत निघाला तर त्यांतली एखादी बहीण आपल्या न्याय्य हक्कासाठी कोर्टात येऊ शकते. तिचे काहीच चुकत नाही. वंशवृक्षातली मुलींची नावे आणि दस्तावरच्या सह्या जुळवून न पाहणाऱ्याचे चुकते.

अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना सरकारने दिलेल्या जमिनींचेही तसेच आहे. कर्नाटकाच्या १९७८ च्या कायद्याने सरकारी परवानगीशिवाय झालेली अशी विक्री रद्दबातल ठरते, आणि २०२३ च्या दुरुस्तीने जमीन परत मागण्यावरची मुदतीची आडकाठी काढून टाकली. शेतजमिनीचे बिगरशेती रूपांतर झाले होते का, मुखत्यारपत्रावर विकलेली साइट मध्येच साखळीत आहे का (असा व्यवहार म्हणजे मालकी हस्तांतर नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले), इमारतीला ओ.सी. (भोगवटा प्रमाणपत्र) आहे का, हे प्रश्न वेगळेच. ओ.सी. नसली तर वीज-पाणी देऊ नका, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये बजावल्यापासून हा कागद केवळ फाइलमध्ये लावण्यापुरता राहिलेला नाही.

यावर ‘बँकेने कर्ज मंजूर केलं ना, मग कागद स्वच्छच असणार’ हे उत्तर मी शिकलेल्या लोकांकडून फार वेळा ऐकले आहे. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेसाठी मत देतो. मालकी डळमळली तरी कर्जदाराच्या पगारातून हप्ता जातच राहतो. त्या मताचा उपयोग जरूर करावा. त्याला आपली तपासणी समजू नये.

ब्रोकरांविषयी तुच्छतेने बोलण्याची आपल्याकडे रीत आहे, ती मला मान्य नाही. काही माहिती कोणत्याही कागदात नसते आणि ती त्यांच्याकडेच असते. सप्टेंबर २०२२ च्या पावसात यमलूर, बेळ्ळंदूर आणि सर्जापूर रस्त्यावरची कोट्यवधींची घरे पाण्यात गेली, लोकांना ट्रॅक्टरमधून बाहेर काढावे लागले. त्या घरांपैकी कित्येकांचे कागद निर्दोष असतील. राजकालुवे, म्हणजे एका तलावातून दुसऱ्यात पाणी नेणारे जुने नाले, कुठून वाहत होते आणि कुठे बुजवले गेले, हे वीस वर्षे त्या भागात फिरणाऱ्या माणसाला ठाऊक असते. २०२४ च्या उन्हाळ्यात कोणत्या सोसायटीची बोअर आटली, कुठे कावेरीचे पाणी येते आणि कुठे टँकरशिवाय दिवस जात नाही, कोणत्या इमारतीत मेंटेनन्सवरून भांडणे आहेत, हे तोच सांगू शकतो. ही मेहनतीने कमावलेली माहिती आहे आणि तिचे मोल आहे.

पण आपण ते मोल देतो का? चार ब्रोकरांना महिनाभर फिरवायचे, सगळी माहिती काढून घ्यायची आणि शेवटी परस्पर मालकाला गाठून दलाली वाचवायची, याला आपण हुशारी म्हणतो. सल्ल्याला पैसे द्यायचे नाहीत, फक्त सौद्याला द्यायचे, हा नियम ग्राहकांनी घालून दिला आहे. मग समोरचा सौद्याची घाई करतो, टोकन लवकर द्यायला लावतो, ‘दुसरी पार्टी तयार आहे’ म्हणतो. बेंगळुरूतला ब्रोकर असा का वागतो, याचे अर्धे उत्तर आपल्या खिशात आहे.

म्हणून माझे मत असे. नामांकित बिल्डरच्या, रेरात नोंदलेल्या नव्या प्रकल्पात घर घ्यायचे असेल, तर वेगळा एजंट नेमण्याची गरज नाही. रेराच्या संकेतस्थळावर मंजुऱ्या, मुदती आणि प्रकल्पाविरुद्धच्या तक्रारी पाहता येतात. करारनामा नोंदवण्यापूर्वी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे लक्षात ठेवावे आणि करार स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्यावा. जुना फ्लॅट किंवा घर असेल तर वकील अनिवार्य, आणि भागाची माहिती असलेला माणूसही हवा. साइट घ्यायची असेल, किंवा तुम्ही पुण्यात वा सिंगापूरला बसून बेंगळुरूत खरेदी करत असाल, तर आपल्या बाजूच्या माणसाशिवाय पाऊल टाकू नये.

त्याला पैसे मात्र ठरावीक द्यावेत, टक्केवारीने नव्हे, आणि व्यवहार झाला नाही तरी द्यावेत. नेमणूक लेखी असावी. समोरच्या बाजूकडून काही घेणार नाही, आणि घेतल्यास ते तुमचे, हे त्यात स्पष्ट लिहावे. शोधण्याचे आणि तपासण्याचे काम एकाच माणसाकडे देऊ नये. ब्रोकरने सुचवलेला वकील तर टाळावाच. तीन घरे तपासून तिन्ही नाकारली, तर तीन फिया गेल्या असे वाटेल. पण १ कोटी २० लाखांच्या घरावर मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि ऑगस्ट २०२५ च्या वाढीनंतर नोंदणी शुल्क २ टक्के, म्हणजे वरचे अधिभार सोडून ८ लाख ४० हजार रुपये आपण सरकारला निमूटपणे भरतो. तेवढे भरूनही सरकार मालकीची हमी देत नाही. निबंधक दस्ताची नोंद करतो, हक्काची नाही. त्यापुढे तपासणीच्या फीची घासाघीस करणे मला समजत नाही.

या सगळ्यात मला जास्त काळजी कोट्यधीश फ्लॅटवाल्यांची वाटत नाही. निपाणीहून, सोलापूरहून येऊन इथे गाडी चालवणारा किंवा छोट्या कारखान्यात काम करणारा माणूस आयुष्यभराच्या बचतीतून शहराच्या कडेला एक रेव्हेन्यू साइट (बिगरशेती न झालेल्या शेतजमिनीवरचा प्लॉट) घेतो. सगळ्यात धोक्याचे कागद त्याच्या वाट्याला येतात, आणि वकिलाच्या फीचे पैसे त्याच्याकडे नसतात. राज्याने ‘भूमी’ प्रणालीत पहाण्या संगणकावर आणल्या, ‘कावेरी’ पोर्टलवर ई.सी. घरबसल्या मिळते, दिशांक अॅपवर साइटवर उभे राहून सर्वे नंबर कळतो. कागद मोकळे झाले, पण ते वाचून अर्थ सांगणारा माणूस अजून पैसेवाल्यालाच परवडतो. नोंदणी शुल्क दुप्पट केले त्या वेळी त्यातला थोडा वाटा उपनिबंधक कार्यालयांत पगारी कायदा सल्लागार बसवायला राखून ठेवता आला असता, म्हणजे लहान साइट घेणाऱ्याला टोकन देण्यापूर्वी आपले कागद माफक फीत दाखवता आले असते. ते अजूनही करता येईल, आणि बेंगळुरूतल्या ग्राहक संघटनांनी, मराठी मंडळींनीही, ही मागणी लावून धरायला हवी.