पीट मॅराविच : खेळाचे फळ आणि श्रद्धेचा कस

अमेरिकेतील लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाकडून १९६७ ते १९७० या तीन हंगामांत पीट मॅराविचने ८३ सामन्यांत ३,६६७ गुण केले. सामन्यामागे सरासरी ४४.२. त्या काळी तीन गुणांची रेषा आखलेली नव्हती आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नसे. प्रेक्षक गर्दी करत ते मात्र केवळ या गुणांसाठी नव्हे. पाठीमागून दिलेला पास, एकीकडे पाहत दुसरीकडेच सोडलेला चेंडू, वाढलेले केस आणि घोट्यांवर लोळणारे ढगळ मोजे यांनी त्याचा खेळ म्हणजे तमाशा झाला होता. जाणकार नाके मुरडत, आणि तरीही पाहत.

हे कौशल्य वडिलांनी घडवलेले होते. प्रेस मॅराविच हे स्वतः प्रशिक्षक, विद्यापीठाच्या संघाचेही तेच. लहानपणी पीट डोळ्यांवर पट्टी बांधून चेंडू खेळवी. वडील गाडी चालवत असताना खिडकीतून वाकून रस्त्यावर टप्पे देई. या साधनेचे फळही आधीच ठरले होते : मोठ्या रकमेचा करार आणि विजेतेपदाची अंगठी. तत्त्वज्ञानाचा प्रश्न येथे उभा राहतो. कर्मात रमलेल्या मुलाला फळाची आसक्ती दुसऱ्यानेच लावून दिली, तर त्या कर्मातला आनंद कितपत टिकतो?

करार मिळाला. १९७६-७७ च्या हंगामात तो व्यावसायिक लीगमध्ये गुणांच्या सरासरीत पहिला आला. अंगठी मात्र मिळाली नाही. १९७४ मध्ये आईने आत्महत्या केली, मद्यपान वाढले, गुडघ्याने दगा दिला. १९८० मध्ये त्याने बोस्टन सेल्टिक्स हा संघ सोडला आणि पुढच्याच वर्षी त्या संघाने विजेतेपद पटकावले.

त्यानंतर तो योग, हिंदू तत्त्वज्ञान, शाकाहार, एवढेच नव्हे तर परग्रहावरील जीवांपर्यंत जाऊन आला. १९८२ मध्ये त्याने ख्रिस्ताला शरण जाऊन नवे आयुष्य सुरू केले. गीतेचा मार्ग कर्म न सोडता फळावरचा हक्क सोडण्याचा आहे. मॅराविचला पटलेला मार्ग निराळा होता. माणूस स्वतःच्या कमाईने तरत नाही, तारण फुकट मिळते, हे त्याला पटले. दिवसरात्र सराव करून सगळे कमावलेल्या माणसाला हे पटावे, यात नवल नाही. जन्मभर वडिलांच्या हिशेबात राहिलेल्याला हिशेब नसलेला पिता हवा होता, असेही म्हणता येईल. पण श्रद्धेचे मानसशास्त्रीय कारण सापडल्याने ती खोटी ठरत नाही.

५ जानेवारी १९८८ रोजी पॅसाडेना येथील चर्चच्या व्यायामशाळेत खेळताना तो कोसळला. वय ४०. हृदयाची डावी धमनी जन्मतःच नव्हती, हे शवविच्छेदनात कळले. दहा वर्षे व्यावसायिक खेळून चाळिशीत हृदयविकाराने मरायचे नाही, असे तो १९७४ मध्ये एका पत्रकाराला म्हणाला होता. व्यावसायिक हंगामही दहाच भरले. श्रद्धावंतांना यात ईश्वरी योजना दिसते, डॉक्टरांना उजव्या धमनीने पेललेला भार. खऱ्या न ठरलेल्या असंख्य बोलण्यांची नोंद कोणी ठेवत नाही, हे लक्षात घेतले तर पहिला दावा लंगडा पडतो. त्यावर मॅराविचच्या श्रद्धेचा कसही लावता येत नाही. ती १९८२ ची आहे, आणि आपल्या हृदयात काय नाही हे त्याला अखेरपर्यंत ठाऊक नव्हते.