झाकली मूठ आणि उघडी मूठ

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. न्युरेम्बर्गला आल्यापासून मला ती आठवते गाड्या बघताना. इथे बीएमडब्ल्यू, मर्सिडीज किंवा ऑडी मागवताना 'मागे मॉडेलचा आकडा लावू नका' असे सांगता येते. मग पाचशे अश्वशक्तीची सेडान आणि शेजारच्या आजोबांची साधी डिझेल सेडान पाठमोऱ्या जवळजवळ सारख्याच! जाणकाराला एक्झॉस्टचे चार पाइप दिसतात; इतरांना दिसते ती मुलांची सीट आणि डिकीतला किराणा. याउलट फेरारी किंवा लॅम्बोर्गिनी म्हणजे जमिनीला टेकलेली, दोनच माणसांची, आणि दिसण्याआधी ऐकू येणारी.

मंडळाच्या गणपतीत आरती झाली की तरुण मंडळींत हमखास वाद रंगतो, या दोघींत श्रेष्ठ कोण? बहुतेक मराठी मते सेडानला पडतात. कारण नुसते सोयीचे नसते, त्यात नीतीही असते. "ताकद आहे, पण माज नाही," असे म्हटले जाते. साधी राहणी शिकत वाढलेल्या आपल्या मध्यमवर्गीय मनाला हे लगेच पटते. मलाही पटत असे. पण विचार करू लागलो तसा प्रश्न पडला, की लपवणे म्हणजे नम्रता का?

थोडा इतिहास पाहू. बीएमडब्ल्यूने १९७८ साली एम१ ही सुपरकार आणली. तिचे रूप इटलीच्या जुजारो यांनी रेखाटले होते. अशा गाड्या पाचशेसुद्धा बनल्या नाहीत. पण तिचे साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन सुधारून कंपनीने १९८०च्या दशकात चार दारांच्या सेडानमध्ये बसवले. तीच पहिली एम५. सुपरकार २७७ अश्वशक्तीची, तर सेडान २८६ची! म्हणजे या दोघी परक्या नव्हेतच. काळीज एकच, कपडे तेवढे वेगळे.

आपल्या न्युरेम्बर्गच्या नोरिसरिंगवर १९४७पासून शर्यती होत आल्या आहेत. गाड्या ज्या दगडी प्रेक्षागृहासमोरून धावतात, ते नाझींनी स्वतःच्या ताकदीचे प्रदर्शन करण्यासाठीच बांधले होते. तिथल्या डीटीएम शर्यतीत २००४ ते २०११ या काळात मर्सिडीज सी-क्लास आणि ऑडी ए४ धावत. आपल्याच दारातली गाडी पळते आहे, असे बघणाऱ्याला वाटावे. प्रत्यक्षात आत शर्यतीसाठी बनवलेले व्ही८ इंजिन, वर कार्बन फायबरचे अंग; ओळखीचा फक्त चेहरा. २०२१पासून तिथे जीटी३ वर्गातल्या गाड्या आल्या, त्यांत फेरारी आणि लॅम्बोर्गिनीही होत्या. त्या मात्र शोरूममधल्या गाडीच्या पुष्कळच जवळच्या. मग मुखवटा कोणाचा म्हणायचा?

आपली म्हणसुद्धा नम्रतेची नाहीच. मूठ झाकलेली ठेवा, म्हणजे लोकांना आत बरेच काही असेल असे वाटेल आणि तुमची किंमत राहील, एवढेच ती सांगते. सिग्नलला शेजारच्या गाडीकडे बघत 'मनात आणले तर तुला क्षणात मागे टाकीन' असे म्हणणारा सेडानवाला नम्र नाही. त्याचा अहंकार फक्त जास्त सुसंस्कृत आहे. फेरारीवाला निदान उघडपणे मिरवतो.

सेडानची उपयुक्तता मात्र खरी आहे, ती नाकारू नये. पाच माणसे आणि त्यांचे सामान ती रोज वाहते. पण २०२४ साली आलेली एम५ आहे ७२७ अश्वशक्तीची, वजन सुमारे २.४ टन. किराणा आणायला एवढी ताकद लागत नाही!

मग कसोटी कोणती? ती मला ऑटोबानवर सापडते. जिथे वेगमर्यादेची पाटी नाही, तिथे ताशी १३० किलोमीटर हा केवळ सल्ला आहे, १९७८पासून. मोडला तर दंड नाही. पण १९९२ साली जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितले, की त्याहून वेगात असताना अपघात झाला तर 'तो माझ्या दृष्टीने अटळ होता' असे सहसा म्हणता येणार नाही. कायद्याने मोकळीक दिली, जबाबदारी काढून घेतली नाही. आणि गणित तर कोणालाच सोडत नाही. ताशी २५० वेगात गाडी सेकंदाला सुमारे ६९ मीटर जाते, १३० वेगात ३६. धडकेची ऊर्जा मात्र दुप्पट नव्हे, जवळजवळ पावणेचार पट होते. समोरच्या छोट्या गाडीतल्या कुटुंबाला, मागून आलेली गाडी साधी दिसत होती की लाल चकचकीत, याने काय फरक पडतो?

माझी मुलगी पुढच्या वर्षी सतराची होईल. सोबत नाव नोंदवलेली मोठी व्यक्ती असेल तर इथे त्या वयात गाडी चालवता येते, तेव्हा शेजारच्या सीटवर मी असेन. 'दिखावा करू नकोस' हे आपण मुलांना सांगतोच. गाडी असो, पगार असो, नाहीतर पुण्यातला फ्लॅट. पण तेवढ्याने भागत नाही. कोणी बघत नसताना, दंडाची भीती नसताना हातातल्या ताकदीचे आपण काय करतो, हे त्यांना शिकवायला हवे. ते सांगून शिकवता येत नाही. शेजारी बसून आपले चालवणे ती इतकी वर्षे बघतच आली आहेत.

मूठ झाकलेली असो की उघडी, हात कसा वागतो ते महत्त्वाचे. बघा, तुम्हाला पटते का!